पावसाळ्याचं सरपण: आधी फोडा, मग रचा

अख्खे ओंडके उन्हाळाभर उन्हात पडले तरी आतून ओलेच राहतात, आणि आषाढात कोकणातली चूल नुसती धुमसते. साल ओल धरून ठेवते. ही ओल निघते मुख्यतः कापलेल्या टोकांतून.

१. जानेवारीतच दीड फुटाचे तुकडे करून मनगटाएवढ्या ढलप्या फोडा.

२. दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच, सैल रचा.

३. मेअखेरीस दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. आवाज खणखणीत आला, टोकांना चिरा दिसल्या, तर पडवीत घ्या. नुसतं ‘थप्प’ वाजलं तर अजून ऊन द्या.

वळवाच्या सरीला प्लास्टिक फक्त वरून घाला. बाजूंनी गुंडाळलंत तर बुरशी धरते. ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोका, आत फुरसं (विषारी साप) असू शकतं.