बाळापूर, नरनाळा, गाविलगड: वऱ्हाडातल्या तीन किल्ल्यांचा गाडीनं प्रवास

हे तीन किल्ले दोन मुक्कामांत नीट पाहून होतात, पण क्रम हाच ठेवा. नरनाळ्याला सकाळ लागते आणि गाविलगडाकडे नेणारा चिखलदऱ्याचा घाट उजेडात चढावा लागतो. उलटं फिरलं की दोन्ही चुकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याकडचं ऊन माणसाला तटावर उभं राहू देत नाही.

गाडीत जास्तीचं चाक, जॅक आणि हवेचा पंप हवाच, कारण आडवाटेला बाभळीचे काटे असतात. पाणी माणशी ३ लिटर घ्या. भाकर, ठेचा, कांदा सोबत बांधा. गडावर खायला मिळेल या भरवशावर राहू नका. ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा.

पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास अकोल्याहून निघा. बाळापूर २५ किलोमीटरच्या आसपास. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उंच तटाचा, उत्तम विटकामाचा हा किल्ला. १७५७ मध्ये एलिचपूरचा (आताचं अचलपूर) नवाब इस्माईलखानानं तो पुरा केला. एकात एक असे तीन दरवाजे आहेत; बाहेरच्या दरवाजात थांबून मग आत जा, म्हणजे शत्रूला कसं वळवून कोंडायचे ते कळतं. पुराच्या दिवसांत एक जागा सोडली तर चहूकडे पाणी, त्यामुळे पावसाळ्यात नदीकाठी गाडी उतरवू नका. काळी माती चाक धरून ठेवते. गावाच्या दक्षिणेला मिर्झाराजे जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री आहे, तीही पाहा. मग अकोल्यावरून अकोटला मुक्काम. कापसाच्या हंगामात या रस्त्यावर पऱ्हाटीनं (कापसाच्या वाळल्या झाडांनी) किंवा कापसानं भरलेल्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो. अंधारात ओव्हरटेक करू नका.

दुसऱ्या दिवशी अकोटलाच टाकी भरा आणि उजाडताच नरनाळ्याच्या पायथ्याचं शहानूर गाठा. नरनाळा अभयारण्यात आहे, म्हणून वनखात्याच्या गेटवर नोंद होते. गेट कोणत्या दिवशी बंद, गाडी कुठवर सोडतात, दुचाकी चालते का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. इतक्या दूर येऊन परत फिरावं लागलं तर दिवस जातो. चार तास तरी हाताशी ठेवा.

या गडाचा जीव महाकाली दरवाजात आहे. १४८७ मधला, पांढऱ्या वालुकाश्माचा. घाईनं फोटो काढून पुढे जाऊ नका. आधी कमळं पाहा, मग वरची नक्षीची कंगणी (भिंतीबाहेर आलेली पट्टी), अरबी लेख, आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे. सज्ज्यांच्या दगडी जाळ्या एकसारख्या नाहीत. एकेक जाळी वेगळी कोरली आहे. तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं. लेखाला खडू किंवा पाणी लावू नका. दगड मऊ आहे, झिजतो. तिथून नौगजी तोफ आणि शक्कर तलाव. तलावाकाठी जनावरं पाण्यावर येतात, तेव्हा झाडीत शिरू नका आणि दुपार कलायच्या आत खाली उतरा.

पुढे अंजनगाव सुर्जी, जिथं ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला. मग परतवाडा, घाट आणि वर चिखलदऱ्याला मुक्काम. पाचच्या आत घाटाला लागा. धुकं उतरलं तर वळणावर हॉर्न द्या, फुल लाइट लावू नका, त्यानं समोर पांढरी भिंतच दिसते.

तिसऱ्या सकाळी गाविलगड. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी, बारकाईनं पाहा. मग तटाच्या उत्तर बाजूला चाला. बाकी तिन्हीकडे दरी आणि कडे. सपाटी फक्त इकडेच. म्हणून डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या एका फौजेनं तोफा डोंगरातून ओढत याच बाजूला आणल्या आणि बाहेरचा तट फोडला. आतला तट मात्र शाबूत होता. इंग्रजांचे शिपाई तो शिड्या लावून चढले आणि आतून दरवाजा उघडला, १५ डिसेंबरला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. तटाच्या कडेला गवतात सुटे दगड असतात, काठी टेकत चला.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबवा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.