विसरलेला ‘साहेब’ आठवायचा कसा

आधी काही शोधू नका. फोन बाजूला ठेवा, एक वही घ्या आणि सिनेमातलं जे आठवतंय ते तसंच उतरवा. चुकलं तरी चालेल. ‘साहेब’ या जुन्या हिंदी सिनेमाबद्दल मी हेच केलं. पहिल्या पानावर चार गोष्टी आल्या: गोलकीपर अनिल कपूर, वहिनी झालेली राखी, बहिणीचं लग्न, किडनी. पाचवी ओळ लिहायला बराच वेळ लागला. दिग्दर्शक कोण?

मला नाव येत नव्हतं आणि त्याचं वाईट वाटलं. कारण या सिनेमानं मला खूप काही दिलं होतं. 1986 च्या गणपतीत आमच्या गल्लीत मंडपात रंगीत टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आणला होता. मी पंधरा वर्षांचा होतो आणि पेठेच्या पोरांच्या संघात गोलपोस्टमध्ये उभा राहायचो. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा, म्हणजे पेठांतल्या तालमींचे संघ एकमेकांशी खेळतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिकडं. पण नाव व्हायचं ते गोल मारणाऱ्याचं. कीपरकडं लोकांचं लक्ष जायचं ते त्यानं गोल खाल्ल्यावरच. आणि इथं पडद्यावर हिरोच कीपर! त्या रात्री मला झोप लागली नाही.

वही लिहून झाली की घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पण “तो सिनेमा आठवतो का?” असं विचारू नका, “हो, चांगला होता” एवढंच ऐकायला मिळतं. कुठं बघितला, शेजारी कोण बसलं होतं, कुठल्या जागी डोळ्यांत पाणी आलं, असं विचारा. माझी आई म्हणाली, “फुटबॉलचं काय ते मला कळलं नाही बाबा. पण ते पोरगं वहिनीला घरकामात हात देतं, आणि तरी बाप त्याला बिनकामाचा म्हणतो, ते मनाला लागलं होतं.” मी चाळीस वर्षं तो सिनेमा फुटबॉलचा समजत होतो. आईनं तो घराचा करून टाकला. हे कुठल्याही माहितीच्या पानावर सापडलं नसतं.

आता शोधायला बसा. पहिल्यांदा तुमच्यापुढं गाणंच येईल, ‘यार बिना चैन कहाँ रे’. बप्पी लाहिरी आणि एस. जानकी यांचं ते गाणं अजून लग्नाच्या वरातीत वाजतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या गाण्यानंच सिनेमा झाकून टाकला. गाण्यापाशी थांबू नका. सिनेमा अगदी पहिल्या पाटीपासून लावा. श्रेयनामावली सुरू झाली की दर पाटीला थांबवा आणि नावं हातानं उतरवून घ्या. नुसतं वाचलेलं नाव दुसऱ्या दिवशी विसरतं, हातानं लिहिलेलं राहतं. माझी पाचवी ओळ अशी भरली: दिग्दर्शक अनिल गांगुली, 1985.

एकदा नाव हाती लागलं की त्या माणसाचे आणखी दोन सिनेमे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. ‘कोरा कागज’ आणि ‘तपस्या’. दोन्हींना निखळ मनोरंजनाच्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘मेरा जीवन कोरा कागज’ माझे वडील गुणगुणायचे, पण तो सिनेमा आणि ‘साहेब’ एकाच माणसाचे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला खरा धक्का दिला तो ‘तपस्या’नं. तिथं राखी थोरली बहीण आहे. धाकट्या भावंडांसाठी स्वतःचं लग्न, स्वतःचं सुख बाजूला ठेवणारी. नऊ वर्षांनी तीच राखी ‘साहेब’मध्ये वहिनी होते आणि घरातला सगळ्यात धाकटा मुलगा, ज्याला सगळे साहेब म्हणतात, तो बहिणीच्या लग्नासाठी स्वतःची किडनी विकतो. म्हणजे हा दिग्दर्शक एकच प्रश्न धरून बसला होता: घर उभं राहावं म्हणून घरातल्या कुणी किती द्यायचं? हे उमगलं तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि आईला हाक मारली.

मूळ कुठलं तेही लिहून ठेवा. ‘साहेब’ आधी बंगालीत आला, 1981 मध्ये, विजय बोस यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि त्यात तापस पाल होते. फुटबॉलवेड्या बंगालमधून ही गोष्ट आली म्हटल्यावर आम्हा कोल्हापूरकरांना ती इतकी जवळची का वाटली, याचं उत्तर मला तरी मिळालं. एकाची आठवण काढताना दुसऱ्याचं श्रेय पुसलं जाऊ नये.

जुने अंक, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका बघायच्या असतील तर पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. तिथल्या ग्रंथालयाची वेळ आणि नियम आधी विचारून घ्या.

अनिल गांगुली जानेवारी 2016 मध्ये मुंबईत गेले. ‘अनुपमा’ मालिकेमुळं घराघरांत पोचलेली रूपाली गांगुली त्यांची मुलगी, आणि लहानपणी ती ‘साहेब’मध्येच पहिल्यांदा पडद्यावर आली. नव्या पोरांना सांगायला सुरुवात इथूनच करा. त्यांच्या आयांना ती माहीत असते, मग ऐकायला आयाही येऊन बसतात.

सिनेमा दाखवायचा असेल तर एक काळजी घ्या. आपल्याकडं चित्रपटाचा कॉपीराइट हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे ‘साहेब’चा 2045 अखेरपर्यंत. मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावायचा तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची परवानगी काढा. मी माझ्याच घरी, मी फुटबॉल शिकवतो त्या सात पोरांना बसवलं. जमिनीवर सतरंजी, चुरमुऱ्याचा चिवडा, मधे एकदा चहा. मॅचच्या दिवशी ठेवू नका, हरलेलं पोर काही बघत नाही.

सुरू करण्यापूर्वी किडनीबद्दल सरळ बोला. सिनेमा आला तेव्हा अवयवांच्या विक्रीविरुद्ध देशात कायदा नव्हता. तो 1994 मध्ये झाला आणि आज किडनी विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे. पोरांना वाटता कामा नये की साहेबनं केलं ते आपणही करावं. लग्नासाठी एवढा पैसा मागणाऱ्या रितीवर राग यायला हवा, आणि तो येऊ द्या.

मग कीपर म्हणून त्यांना एक गोष्ट अंगावर दाखवा. मी पोरांना उभं केलं आणि पाठीत, शेवटच्या बरगड्यांपाशी हात ठेवायला लावला. किडनी इथं असते. कीपर चेंडूवर झेपावतो तो कुशीवर पडतो, आणि समोरून धावत आलेल्याचा गुडघा नेमका तिथंच बसतो. एक काढून दिली की उरलेली जपायची, मग असं झेपावणार कोण? साहेब पैसा नाही, गोलपोस्ट देऊन टाकतो. एवढं समजल्यावर पुढचा अर्धा तास कुणी चिवड्याला हात लावला नाही.

सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावू नका आणि भाषण करू नका. दिग्दर्शकाचं नाव एकदा मोठ्यानं घ्या आणि गप्प बसा. पोरं आपणहून बोलतात. माझ्याकडं सगळ्यात धाकटा, अकरा वर्षांचा, राखीव कीपर म्हणून बाकावर बसणारा, त्यानं विचारलं, “सर, मग त्याच्या जागी दुसरं कोण उभं राहिलं?”

मी तो सिनेमा तोवर चार वेळा बघितला होता. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी वही उघडली आणि अनिल गांगुलींच्या नावाखाली, सहाव्या ओळीत, तो त्याच्याच हातानं लिहून घेतला.