मुलाखत उतरवताना शब्द ‘शुद्ध’ करू नका

ऊसतोड मजुरांच्या मुलाखती कागदावर उतरवताना ‘कोयता’ या शब्दाच्या जागी ‘मजूर जोडपे’ लिहू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, त्या कोयत्यावर. बाईची मजुरी वेगळी मोजली जात नाही, हे त्या एका शब्दातच दिसतं. ‘उचल’चं ‘कर्ज’ केलंत तरी असंच काहीतरी हातचं जातं. माणसाचा शब्द तसाच ठेवा, अर्थ समासात लिहा.

मुलाखत झाली त्याच रात्री आणखी एक नोंद करा: बोलताना शेजारी कोण होतं? मुकादम किंवा सासू जवळ असेल तर बाईचं उत्तर बदलतं. शक्य असेल तर तिला पुन्हा एकटीला भेटा. नावाबरोबर गावही बदला. मजुरांच्या छोट्या टोळीत माणूस लगेच ओळखू येतो.