योगवर्गात ओळखीचे शब्द फसवतात: या चुका टाळा

योगातल्या संस्कृत नावांची मराठी माणसाला धास्ती नसते आणि घोळ तिथेच होतो. निम्मे शब्द रोजच्या बोलण्यातले वाटतात, त्यामुळे अर्थ विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

‘रेचक’ घ्या. इथे त्याचा जुलाबाच्या औषधाशी संबंध नाही. धातू तोच, रिच्, म्हणजे रिकामं करणं. पण रिकामी करायची ती फुप्फुसं. पूरक म्हणजे श्वास आत घेणं, रेचक म्हणजे सोडणं, कुंभक म्हणजे रोखणं. नवख्याने ४ अंक मोजत पूरक आणि ८ अंक मोजत रेचक करावा. धाप लागली तर ३ आणि ६. कुंभक सध्या नकोच.

कपालभातीला सगळेच प्राणायाम म्हणतात. हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ मात्र ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत धरते. कपालभातीत झटका फक्त रेचकाला द्यायचा. पोट सैल सोडलं की श्वास आपोआप आत येतो. पूरकालाही जोर लावला की ती भस्त्रिकेकडे, म्हणजे भात्यासारखा श्वास जोरात आत-बाहेर करण्याकडे झुकते आणि नवख्याला गरगरतं. पोटावर तळहात ठेवून पाहा. श्वास सोडताना हात आत जायला हवा. बाहेर ढकलला जात असेल तर उलटं चाललंय, थांबा. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ही क्रिया करूच नका.

‘उत्तान’ तर हमखास फसवतो. आपला ‘उताणा’ त्याच्यावरूनच आला, त्यामुळे उत्तानासन म्हटलं की कोणीतरी चटईवर पाठ टेकतोच. (उत्तानपादासन खरोखरच उताणं झोपून करतात, ही त्यात भर!) मुळात उत् आणि तन्, म्हणजे ताणणं, ‘ताण’ हा शब्दही याच धातूचा. उत्तानासन उभ्याने, पुढे वाकून करतात. पाय पसरून बसून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनातली ‘पश्चिम’ म्हणजे शरीराची मागची बाजू. पूर्वेला तोंड करून बसलं की पाठ पश्चिमेला येते. ताण टाचांपासून डोक्यापर्यंत मागच्या बाजूला हवा. नावात ना कपाळ आहे ना गुडघा, तरी कपाळ गुडघ्याला टेकवायच्या नादात पाठीला कुबड येतं आणि मांड्यांमागचा ताण कंबरेवर जातो. बैठकीखाली ब्लँकेटची घडी घ्या, गुडघे किंचित वाकवा आणि खुब्यातून पुढे या.

बाकीचे पटकन. ‘सुप्त’ म्हणजे दडलेलं नव्हे, पहुडलेलं: सुप्त वज्रासन वज्रासनातून मागे पहुडून करतात. गुडघ्यांना कळ आली तर लगेच उठा. हलासनातला ‘हल’ नांगर. ते हलायचं आसन नाही, उलट त्यात मान अजिबात वळवू नये. कर्णपीडासनात पीडा म्हणजे दाब. मत्स्यासन माशाचं, त्यात उताणं होऊन छाती वर उचलतात; अर्धमत्स्येंद्रासन मत्स्येंद्रनाथांच्या नावाचं, त्यात बसून पाठीचा कणा पिळतात. ‘मत्स्य’ ऐकताच आडवे होऊ नका.

काही वेळा अर्थ बरोबर असूनही चूक होते, कारण परंपरा वेगळ्या. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत ताडासन म्हणजे पावलं जुळवून, हात बाजूला ठेवून ताठ उभं राहणं. मुंगेरच्या ‘बिहार स्कूल ऑफ योग’च्या पद्धतीत हात वर ताणून टाचा उचलतात. वर्ग बदललात तर शिक्षक ताडासनात काय करतात ते आधी पाहा, मग टाचा उचला.