कुत्र्याच्या पंजाची किरकोळ जखम घरी कशी सांभाळावी

कुत्रा चालताना एकाएकी पाय उचलून धरू लागला किंवा एका जागी बसून पंजा सतत चाटू लागला, तर तिथे काहीतरी रुतले, कापले किंवा खरचटले असावे असे धरून चालावे. पंजाच्या गादीची त्वचा अंगावरच्या इतर त्वचेपेक्षा जाड असते. परंतु तिला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे लहानशी चीरही घाबरवण्याइतके रक्त सांडते, आणि प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार पडत असल्याने जखमेच्या कडा पुन्हा पुन्हा फाकतात. म्हणूनच इथे औषधाहून स्वच्छता, कोरडेपणा आणि विश्रांती यांचे काम मोठे आहे. वरवरचे खरचटणे, उथळ चीर, सालपट निघणे आणि दिसेल इतका वर राहिलेला काटा एवढेच घरी हाताळावे.

हात लावण्यापूर्वी

वेदना होत असताना अतिशय मायाळू कुत्राही चावू शकतो, यात त्याचा दोष नसतो. एकाने त्याला धरून बोलत राहावे आणि दुसऱ्याने पंजा पाहावा. तो गुरगुरत असेल तर तोंडाला मऊ पट्टी सैलसर बांधता येते. मात्र त्याला उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा त्याचे नाक चपटे असेल तर तसे करू नये. दात लागलेच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजच्या बाबतीत थांबून पाहण्याला अर्थ नसतो.

रक्त थांबवणे

स्वच्छ कापड किंवा गॉझ जखमेवर ठेवून किमान 5 मिनिटे सलग दाबून धरावे. मधूनच उचलून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्यामुळेच नुकती धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. पायाला दोरी करकचून आवळू नये. नख तुटून रक्त येत असेल, तर नखाच्या टोकावर थोडे कॉर्नफ्लॉवर दाबून धरल्याने फरक पडतो; गादीवरच्या उघड्या जखमेत मात्र कोणतीही पूड, अगदी हळदसुद्धा, भरू नये, कारण तिचे कण आत अडकतात आणि जखमेची खरी अवस्थाही दिसत नाही.

नीट पाहणे

चांगल्या उजेडात प्रत्येक बोट हलकेच फाकवून मधल्या खाचा पाहाव्यात. गवताची टोकदार कुसळे तिथे शिरतात आणि वेळीच काढली नाहीत तर त्वचेखाली पुढे सरकत जातात. भोवतीचे केस कापायचे असल्यास जखमेवर आधी पाण्यात विरघळणारी जेली लावावी, म्हणजे कापलेले केस तिला चिकटतात आणि धुताना निघून जातात. काट्याचे टोक वर दिसत असेल तर तो स्वच्छ चिमट्याने, ज्या दिशेने घुसला त्याच्या उलट दिशेने, सरळ ओढावा. खोल रुतलेली काच किंवा तार काढण्याचा प्रयत्न घरी करू नये.

धुणे

सर्वांत अधिक वेळ या टप्प्याला द्यावा. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मिठाचा एक सपाट छोटा चमचा विरघळवावा आणि बिनसुईच्या सिरिंजने ते पाणी जखमेवर सोडत राहावे. माती आणि खडे धारेने निघावेत, चोळून नव्हे. मिठाचे पाणी तयार होईपर्यंत नळाचे स्वच्छ कोमट पाणी चालते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावता येते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट टाळावे. फेस आला किंवा झोंबले म्हणजे जखम स्वच्छ झाली अशी समजूत दृढ आहे. वास्तविक ही द्रव्ये भरून येणाऱ्या पेशींनाच इजा करतात. टी ट्री तेल आणि झिंक ऑक्साइड असलेली मलमे कुत्र्याच्या पोटात गेल्यास विषारी ठरतात, आणि पंजाला लावलेले बहुतेक सगळे तो चाटतोच.

पट्टी

उथळ खरचटले असेल आणि कुत्रा घरात स्वच्छ फरशीवर राहणार असेल, तर जखम उघडी ठेवणेच बरे. पट्टी करायचीच असेल तर पंजा पूर्ण कोरडा करून जखमेवर न चिकटणारे गॉझ ठेवावे, बोटांच्या मध्ये थोडा कापूस सारावा आणि पट्टी बोटांकडून वरच्या दिशेने गुंडाळावी. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती सुजली, थंड पडली किंवा एकमेकांपासून फाकली, तर पट्टी घट्ट झाली असे समजून लगेच सोडावी. पट्टी रोज बदलावी आणि ओली झाल्यास त्याच क्षणी. बाहेर नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी चालते, पण घरी येताच काढावी, नाहीतर आत घाम साचतो. कुत्र्याच्या पंजात घामाच्या ग्रंथी असतात.

चाटू न देणे हा खरा अवघड भाग. लाळेने जखम बरी होते असे म्हणतात, पण सतत चाटल्याने ती ओली राहते, सोलवटते आणि चिघळते. गळ्यात कोन, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोहोचू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर, घातल्यावर कुत्रा दिवसभर रुसल्यासारखा वागतो. तरीही तो काढू नये.

पुढचे दिवस

वेदनेसाठी माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी गोळी कधीही देऊ नये. ती कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला किंवा जठराला गंभीर इजा करू शकते. रक्त 10 मिनिटे सलग दाबूनही थांबत नसेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, जखम खोल किंवा दुसऱ्या प्राण्याच्या चाव्याची असेल, कुत्रा पाय मुळीच टेकवत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. दुर्गंधी, पू, वाढती सूज किंवा 39.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप दिसला तरीही हाच मार्ग. यांपैकी काहीच नसेल, परंतु दोन दिवसांत सुधारणाही दिसत नसेल, तर जखमेत काहीतरी राहून गेल्याची शक्यता असते आणि ते तपासून घ्यावे लागते.

खपली धरली तरी नवी त्वचा काही आठवडे नाजूक असते. त्या काळात फिरणे थोडक्यात आणि मऊ जमिनीवर ठेवावे, पळणे व उड्या मारणे टाळावे, आणि परतल्यावर पंजा कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या खाचांसह कोरडा करावा. फिरून आल्यावर कुत्रा पुन्हा लंगडू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याला फक्त शौचापुरतेच बाहेर न्यावे.