लोअरिंग स्प्रिंगनंतर कॅम्बर असा जुळवला

गाडीची उंची कमी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर पुढचे टायर आतल्या कडेने झिजायला लागले. बाहेरची नक्षी शाबूत, पण आत हात फिरवला की रबराचे करवतीसारखे दाते बोटांना लागायचे. अलाइनमेंट मशीनवर कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल (उणे म्हणजे वरची कड आत झुकलेली), डावीकडे उणे २.१, उजवीकडे उणे १.४ अंश.

माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे आणि कॅम्बर ॲडजस्ट करायची मूळ सोयच नाही. म्हणून स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा काढून तिथे कॅम्बर बोल्ट बसवला. त्याचा मधला भाग एका बाजूला फुगीर असतो. बोल्ट फिरवला की नकलचं वरचं टोक आत-बाहेर सरकतं. दोन्ही बाजू उणे १ अंशावर आणल्या आणि नट टॉर्क रेंचनेच आवळले. हा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, अंदाजाने आवळणं धोक्याचं.

कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतोच. टायर खाण्यात खरा मोठा वाटा टोचाच, ते दातेही त्याचीच खूण. म्हणून टो सगळ्यात शेवटी, स्टिअरिंग सरळ लॉक करून, शून्याजवळ आणला. थोडी गाडी चालवून बोल्ट सरकले नाहीत ना, तेही तपासलं. नव्या टायरची झीज आता दोन्ही कडांना सारखी आहे.