शाळेच्या अंगणात ब्राझिलिया कशी आखावी

विदर्भातल्या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुद्दाम वसवलेल्या राजधानीचा धडा घ्यायचा असेल, तर सुरुवात नकाशापासून न करता ‘राजधानी हलते म्हणजे काय होते’ या प्रश्नापासून करावी. १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले, त्याविषयी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे.

मग ब्राझीलकडे वळावे. समुद्रकाठच्या रिओ दी जानेरोहून राजधानी देशाच्या आतल्या पठारावर नेण्याची तरतूद १८९१ च्या राज्यघटनेतच होती. मात्र बांधकामाला खरा हात घातला तो १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या जुसेलिनो कुबिचेक यांनी, आणि २१ एप्रिल १९६० रोजी ब्राझिलिया या नव्या राजधानीचे उद्घाटनही झाले.

आता अंगण झाडून घ्यावे आणि कबड्डीचे मैदान आखायची फक्की घ्यावी. दोरी ताणून एक सरळ रेषा मारावी. हा सरकारी इमारतींचा मुख्य रस्ता. तिला छेदणारी दुसरी रेषा मात्र धनुष्यासारखी वाकवावी, कारण नगररचनाकार लुसिओ कोस्टा यांनी काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषांपासून आराखडा सुरू करून एक रेषा जमिनीच्या उताराप्रमाणे वळवली. मुले ‘विमान!’ म्हणून ओरडतीलच. ओरडू द्यावे, पण कारण सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाकलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन आखावेत आणि पूर्वेला धरण बांधून केलेला पारानोआ तलाव निळीने रंगवावा.

सरळ रेषेच्या पूर्व टोकाला दोन काडेपेट्या उभ्या कराव्यात. हे संसदेचे २८ मजली जुळे मनोरे. त्यांच्या एका बाजूला लहान वाटी पालथी, म्हणजे सिनेट, आणि दुसऱ्या बाजूला मोठी वाटी उताणी, म्हणजे प्रतिनिधीगृह. वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांची ही कल्पना पाठ करून घेण्यापेक्षा वाट्या मुलांनाच मांडायला लावाव्यात.

बहुतेक धड्यांत मजूर येतच नाहीत, आणि आपल्याकडे कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या आईबापांची मुले वर्गात बसलेली असताना ते वगळणे बरे नव्हे. ब्राझिलिया बांधायला देशाच्या दुष्काळी ईशान्य भागातून हजारो माणसे आली, पण आखीव शहरात त्यांच्यासाठी जागा नव्हती. म्हणून उद्घाटनापूर्वीच, १९५८ मध्ये, पश्चिमेला तागुआतिंगा ही वेगळी वस्ती करावी लागली. तिच्यासाठी रेषांच्या बाहेर खडे मांडावेत, आणि ते भरपूर असावेत, कारण आज राजधानी-जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे मूळ आराखड्याच्या बाहेरच राहतात.